लांब गेला की गोळा जोर धरतो

चहाला अजून वेळ आहे ना? मग मीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही ही गोष्ट कुरुंदा गावच्या कुणाकडून तरी ऐकाल, आणि तो माणूस वर तिखटमीठ लावेल. त्याची गरज नाही हो. माझी फजिती मुळातच चांगली झणझणीत आहे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, परभणीतला एक तालुका होता. मी तिथल्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचो. माझं स्वतःचं शिक्षण सातवीपर्यंत निजामाच्या शाळेत, उर्दूत. पुढं राज्य बदललं आणि आम्ही मराठीत आलो. जुन्या शाळेच्या काही खोडी मात्र अंगात राहिल्या. वर्तमानपत्र मी आजही शेवटच्या पानापासून उघडतो. घरातले हसतात, मी लक्ष देत नाही.

घरात मी, बायको आणि माझी धाकटी बहीण सुमन. धाकटी म्हणजे चांगली अठरा वर्षांनी धाकटी. आई-वडील गेल्यावर आम्हीच तिला वाढवली, शिकवली. तिच्यासाठी कुरुंद्याचं स्थळ आलं होतं. मुलगा गौतम, पाटबंधारे खात्यात नोकरीला, स्वभावानं शांत. विहारातल्या एका कार्यक्रमात दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि सुमनला तो आवडला होता. हे तिनं मला सांगितलं नाही, वहिनीला, म्हणजे माझ्या बायकोला सांगितलं. वहिनीनं मला सांगितलं आणि वर बजावलं, की हातचं स्थळ घालवलंत तर माझ्याशी गाठ आहे.

म्हणजे माझ्याकडं काम एकच होतं. मुलाच्या वडलांना खूश ठेवायचं आणि होकार घ्यायचा.

मुलाचे वडील म्हणजे सुभेदार पाईकराव. पलटणीतून पेन्शनीवर आलेले, उंचेपुरे, मिशा वर वळवलेल्या, काठी कायम बगलेत. कुरुंद्यात लहानथोर सगळे त्यांना सुभेदारच म्हणायचे. मी इकडंतिकडं चौकशी केली तेव्हा कळलं की ते रणगाड्यांच्या पलटणीत होते. आता तुम्हीच सांगा, रणगाड्यांच्या पलटणीत होते म्हटल्यावर माणूस काय समजेल? मीही तेच समजलो.

आता ह्या सगळ्यात माझे रणगाडे कुठून आले, ते सांगतो. आमच्या शाळेत शास्त्राचे एक सर होते. त्यांना हैदराबादच्या फुटपाथवर, रद्दीत, एक इंग्रजी पुस्तिका मिळाली होती. खेळण्यातले रणगाडे मांडून लढाई कशी खेळायची, त्याचे नियम. साहेबलोक म्हणे केस पांढरे झाले तरी हा खेळ खेळतात. आमच्याकडं खेळण्यातले रणगाडे कुठले असायला? आम्ही काड्यापेट्या घेतल्या. घरात शहाबादी फरशी होती, तिचे चौकोन आयतेच मिळाले. एका फरशीला अमुक इतके यार्ड धरायचे, की झालं रणांगण. बायको सकाळी झाडू घेऊन उभी राहायची आणि विचारायची, "मी पाय कुठं ठेवू, तेवढं सांगा."

खेळ तसा विचार करायला लावणारा होता. आधी फासा टाकायचा. त्यावर ठरायचं, गोळा लागला की हुकला. शत्रू जवळ असेल तर दोन पडला तरी लागतो, लांब असेल तर सहाच पडावा लागतो. पण लागला म्हणजे रणगाडा फुटला, असं नाही. रणगाड्याच्या पत्र्याला आकडा दिलेला असतो. समोर जाड पत्रा, तिथं बारा. बाजूला सात. मागं चार. तसाच आकडा गोळ्यालाही असतो, तो किती पत्रा भेदतो त्याचा. गोळ्याचा आकडा मोठा, तर रणगाडा खलास. पत्र्याचा मोठा, तर गोळा टणकन आपटून बाजूला. आणि गोळ्याचा हा आकडा अंतराप्रमाणे बदलतो. त्यासाठी पुस्तिकेत एक तक्ता होता.

गोळे दोन जातींचे होते. एक भरीव, नुसत्या वेगाच्या जिवावर जाणारा. याचा आकडा दर अंतराला वेगळा. दुसरा पोकळ. त्याच्या पोटात दारू भरलेली, ती पत्र्याला टेकल्यावर पेटते आणि पत्र्याला भोक पाडून आत शिरते. याचा आकडा मात्र सगळीकडं एकच, अकरा. गोफणीचा दगड आणि दिवाळीतला सुतळी बाँब, असा फरक समजा. बाँब तुम्ही हातभर अंतरावर ठेवा नाहीतर शेताच्या त्या बांधावर, तो फुटणार तेवढ्याच जोरानं. दगडाचं तसं नसतं. हे मी तुम्हाला आत्ता सांगतोय, बरं का. तेव्हा गोफणीचा विचार माझ्या डोक्यात आला असता तर ही गोष्ट घडलीच नसती.

झालं असं, की सरांची बदली नांदेडला झाली. तोवर तक्ता बघून आकडे सांगायचं काम तेच करायचे, मी नुसते फासे टाकायचो. आता पुस्तिका त्यांच्याबरोबर जाणार. म्हणून आदल्या संध्याकाळी मी घाईघाईनं तो तक्ता एका पुठ्ठ्यावर उतरवून घेतला. मथळे मराठीत केले, हाताशी, जवळ, मध्यम, लांब. खाली आकडे मांडले. सर गेले, पुस्तिका गेली, पुठ्ठा राहिला. मग मी निवांत बसून तो वाचला. भरीव गोळा हाताशी सहा, जवळ नऊ, मध्यम बारा, लांब पंधरा.

म्हणजे गोळा जितका लांब जाईल तितका जास्त पत्रा भेदणार.

मला जरा नवल वाटलं. पण माणसाचं डोकं कसं चालतं बघा. आकडे समोर लिहिलेले असले, की कारणं आपोआप सापडतात. मला एडक्यांची टक्कर आठवली. एडका टक्कर द्यायच्या आधी मागं सरकतो की नाही? धाव मिळाल्याशिवाय त्याला जोर येत नाही. मग गोळ्याचंही तसंच असणार, लांब गेल्यावर त्याला धाव मिळत असणार. माझं अगदी समाधान झालं. इंग्रजी पुस्तकातलं आहे म्हटल्यावर शंका घ्यायची ती कशाला?

मग एका बाजाराच्या दिवशी सुभेदार पहिल्यांदा घरी आले, लग्नाचं बोलायला. नेमका त्याच वेळी मी एकटाच दोन्ही बाजूंनी लढाई खेळत बसलो होतो. फरशीभर काड्यापेट्या.

"जयभीम गुरुजी."

"जयभीम, या, या साहेब. जरा जपून पाय टाका."

सुभेदार उंबऱ्यातच थबकले. "ह्ये काय मांडून ठिवलं?"

"रणगाडे आहेत. म्हणजे खेळातले. तुमच्यासमोर मी काय बोलावं, तुम्ही खऱ्यात वावरलेले."

त्यांनी त्या काड्यापेट्यांकडं बराच वेळ बघितलं. मिशीवरून हात फिरवला. मग काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "आमी बी बसू का?"

मला आणखी काय हवं होतं? मी त्यांना नियम समजावले आणि पुठ्ठा पुढं करून विचारलं, "साहेब, तुम्ही जाणकार. इथं लिहिलंय की गोळा लांब गेला की जोर धरतो. बराबर आहे का हे?"

सुभेदारांनी पुठ्ठा हातात घेतला, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा पुठ्ठा बघितला. "व्हय," ते हळूच म्हणाले. "लांबचा गोळा लई वाईट असतो गुरुजी. लई वाईट."

झालं. पुस्तकाचा शिक्का होताच, वर पलटणीचाही बसला. त्या दिवशी आम्ही दिवेलागणीपर्यंत खेळलो. त्यांची परतीची गाडी चुकायची वेळ आली, तेव्हा ते उठले. मी दबकत म्हणालो, "साहेब, ते सुमनचं…"

"डाव अर्धा हाय गुरुजी," सुभेदार म्हणाले. "ह्यो डाव संपू द्या. मंग सावकाश बोलू."

आता तुम्ही म्हणाल, डाव संपायला किती वेळ लागतो? तुम्ही तो तक्ता विसरलात. ह्या तक्त्याप्रमाणं रणगाडे नाकाला नाक लावून उभे राहिले तर काय होणार? दोन पडला तरी गोळा लागतो, पण आकडा सहा आणि समोरचा पत्रा बारा. आम्ही दोघं एकमेकांना ठोकून राहिलो होतो आणि कुणाचं काही बिघडत नव्हतं. फोडायचं असेल तर लांब जायला हवं. मी दोन फरश्या मागं सरकलो, सुभेदार तीन सरकले. मग मी भिंतीपर्यंत गेलो. पुढच्या बाजाराला सुभेदारांनी आपले रणगाडे ओसरीवर नेले. त्याच्या पुढच्या बाजाराला मी माझे मागच्या दारी नेले. दोन्ही फौजा एकमेकांपासून जीव घेऊन पळत सुटल्या होत्या आणि आम्हाला वाटत होतं आम्ही चढाई करतोय.

आणि लांबून मारायचं म्हणजे सहाच पडायला हवा. फासा काही कुणाच्या बापाचा नोकर नाही. कधीकधी दुपारभर सहा पडत नसे.

सुभेदार मात्र खेळात रमले होते. त्यांनी स्वतःच्या शेतातली हळकुंडं आणली आणि एकेका काड्यापेटीला एकेक चिकटवलं. तोफा कशा एकदम रुबाबदार दिसायला लागल्या. फक्त घरभर हळदीचा वास, आणि बायको रोज म्हणायची, "हळद आली घरात, लगीन काही येईना."

होळी आली तोवर लढाई घराबाहेर पडली होती. माझे रणगाडे आमच्या ओट्यावर आणि सुभेदारांचे पार गल्लीच्या टोकाला, कडुलिंबाच्या झाडाखाली. मधलं अंतर मोजायला आम्ही चऱ्हाटाला गाठी मारल्या होत्या. गल्लीतले लोक कडेनं चालायला लागले. एकदा बाजारातून येणारी बैलगाडी सुभेदारांच्या दोन रणगाड्यांवरून गेली. मग हा मार समोरून धरायचा की बाजूनं, यावर आमची तासभर चर्चा झाली. गाडीवान बिचारा उभा राहून ऐकत होता आणि माझी चूक झाली म्हणत होता.

त्याच दिवशी सुभेदार गेल्यावर सुमन माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"दादा, हट्टा गावचे पाव्हणे कुरुंद्याला जाऊन आले म्हणं. गौतमला पोरगी दाखवायची म्हणून."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी बी सांगितलं असंल. तुमी त्या काड्यापेट्या कवा आवरता, ते सांगा."

मी म्हणालो, अगं, मी तुझ्यासाठीच तर खेळून राहिलो. त्या माणसाला ह्या खेळात इतका आनंद आहे, त्यात मी मधेच लग्नाचं काढलं आणि त्यांचं मन मोडलं तर? तिनं तो पुठ्ठा उचलला, एकदा वाचला आणि परत ठेवला. तिचे डोळे भरले होते. मला ते दिसलं आणि फार वाईट वाटलं, पण काय करावं तेच सुचेना. सुभेदारांना थेट विचारायची मला भीती वाटत होती. एवढा लढलेला माणूस. मी इतिहास शिकवणारा, लढाया पुस्तकात वाचलेला. त्यांनी मला कधी ना कधी ओळखलं असतं, की हा नुसता बोलघेवडा आहे.

पुढच्या बाजाराला पुन्हा फौजा उभ्या राहिल्या. मी ओट्यावर, सुभेदार लिंबाखाली. सुमन चहा घेऊन आली. एक कप माझ्यापुढं ठेवला आणि दुसरा घेऊन गल्लीच्या टोकाला निघाली. मी बघत होतो. तिनं सुभेदारांना चहा दिला आणि परत फिरायच्या ऐवजी तिथंच, त्यांच्या समोर, मातीत बसली.

दोघं बोलत होते. लांबून मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. सुभेदारांनी कप खाली ठेवला. सुमननं हात हलवून काहीतरी विचारलं. सुभेदारांनी मान खाली घातली. ही पोरगी तडकाफडकी बोलणारी. हिनं त्यांचा अपमान केला, लग्न मोडलं, सगळं संपलं. त्या घाबरगुंडीत माझ्या हातून फासा सुटला आणि सहा पडला. इतक्या महिन्यांत मला कधी मोक्याला सहा पडला नव्हता. पण तो बघायला तिथं कोण होतं? मी तसाच उठलो आणि चऱ्हाटात पाय अडकवत, काड्यापेट्या तुडवत लिंबाकडं धावलो.

मी पोचलो तेव्हा सुमन विचारत होती, "मामा, गोफणीचा धोंडा जवळून जोरात लागतो का लांबून?"

आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात. ती त्यांना आजवर सुभेदार काका म्हणायची. हे माझ्या लक्षात आलं, सुभेदारांच्याही आलं असावं.

"जवळून," सुभेदार म्हणाले.

"मंग ह्यो गोळा काहून उलटा?"

"गुरुजीच्या पुस्तकात हाय तसं."

"दादा म्हणतात, सुभेदार साहेबांनीच सांगितलं."

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मी सुभेदारांकडं बघायला लागलो. गल्लीतलं एक कुत्रं आमच्या मधून निवांत चालत गेलं.

"साहेब," मी म्हणालो, "तुम्हीच म्हणालात ना, लांबचा गोळा वाईट?"

सुभेदारांनी मिशीला लावलेला हात खाली घेतला. "गुरुजी, आता तुमाला खरं सांगतो. मी रणगाड्याच्या पलटणीत व्हतो, पर भटारखान्यात. मी पोरांला जेवू घातलं. रणगाड्याच्या आत कवा बसलो न्हाई. गोळा सुटताना मी कायम लांब, चुलीपाशी. अन् लांबून तो आवाज आला ना, की हातातली पळी जागीच थांबायची. सकाळी आपल्या हातची भाकर खाऊन गेलेलं पोरगं माघारी येतंय का न्हाई, त्येच डोक्यात. तुमी इचारलं तवा मला त्येच आठवलं. लांबचा गोळा लई वाईट. मी खोटं न्हाई बोललो."

मी इतके दिवस त्यांच्यासमोर पत्र्याचे आकडे मोजत बसलो होतो.

"मग लग्नाचं का लांबवलंत?" मी शेवटी विचारलं.

"तुमी एवढे शिकलेले. बोलणीला बसलो की तुमी इचारणार, पलटणीत काय काम केलं. मंग सांगावं लागणार. म्हनून म्हटलं, डाव चालू हाय तवर बरं हाय."

सुमन उठली, साडीची माती झटकली. "मामा, गौतमनं मला विहारातच सांगितलं व्हतं, की आमचे बाबा पलटणीत सैपाक करायचे. लई अभिमानानं सांगितलं. आमच्या घरात एका दादाला सोडून समद्यांला ठाऊक हाय." आणि रिकामा कप घेऊन ती घरी निघून गेली.

लिंबाखाली, काड्यापेट्या बाजूला सारून, आम्ही तिथंच बोलणी केली. सगळी मिळून एक विडी ओढून होईल एवढ्या वेळात. हट्ट्याच्या पाहुण्यांना सुभेदारांनी आधीच नाही म्हणून सांगितलं होतं, ते वेगळंच.

फजिती संपली असं वाटलं ना तुम्हाला? मलाही तसंच वाटलं होतं. मी गावभर सांगत सुटलो, की बघा, इंग्रजांचं पुस्तक असूनही केवढी चूक छापलीय. शाळेत मास्तरांच्या खोलीत मी यावर एक व्याख्यानच दिलं. छापील अक्षरावर आंधळा विश्वास ठेवू नये, असा त्याचा सूर होता.

लग्न उन्हाळ्याच्या सुट्टीत, आमच्या शाळेच्या मैदानात ठेवलं. सगळं शिस्तीत व्हावं म्हणून मी शाळेतला फळा फाटकापाशी लावला आणि त्यावर माझ्या सुरेख अक्षरात कार्यक्रम लिहिला. तीन मथळे, स्वागत, लग्न, जेवण. खाली तीन वेळा, नऊ, अकरा, एक. आणि मी दुसऱ्या कामाला लागलो.

नऊच्या सुमारास कुरुंद्याचं वऱ्हाड आलं. मी हार घेऊन धावलो, तर मांडवात सगळे मांडी घालून रांगेत बसलेले. पुढं पत्रावळी. वऱ्हाडानं आपल्या हातानं त्या गठ्ठ्यातून काढून घेतल्या होत्या.

"अहो, हे काय?" मी एका म्हाताऱ्यांना विचारलं.

"जेवाय बसलो," ते म्हणाले. "फळ्यावर लिव्हलंय न्हवं, जेवण नऊ."

"पण लग्नाच्या आधी जेवण?"

"आमाला बी तसंच वाटलं. पर म्हटलं, शिकलेल्या मानसाचं घर हाय, नवी पद्धत असंल. तसं चांगलंच हाय की, उपाशीपोटी लगीन लागू नये."

मी मागं धावलो. आचारी नुकताच कांदा चिरायला बसला होता. त्यानं मला हात जोडले आणि म्हणाला, एकच्या आत भाताचा दाणा मिळणार नाही. मांडवात दीडशे माणूस पत्रावळीकडं बघून राहिलं होतं. मुलीकडचं लग्न, आणि पहिल्याच पंगतीला उपाशी उठवायचं? मला खरोखर रडू कोसळायच्या बेतात होतं.

तेवढ्यात सुभेदार आले. नवरदेवाचा बाप, नवा कोट, फेटा. त्यांनी मांडव बघितला, चुली बघितल्या, आणि कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला.

"डाळ-तांदूळ एकत्रच धुवा," त्यांनी आचाऱ्याला हुकूम सोडला. "दोन चुली आणखी पेटवा. गुरुजी, तकलीफ घेऊ नका. पलटणीला ह्याच्याहून लौकर भूक लागायची."

नवरदेवाचा बाप चुलीपाशी बसलाय म्हटल्यावर वऱ्हाडातले लोक उठून बघायला आले. कुणीतरी म्हणालं, सुभेदार, तुमी आणि सैपाक? तेव्हा त्यांनी हातातली पळी वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आरं, मी हेच काम केलंय. समदी नोकरी. अन् ज्यानं माझ्या हातचं खाल्लं, त्यो कदी नाव ठिवून गेला न्हाई." कुणी हसलं नाही. आणि खिचडी अशी झाली होती, की एकच्या जेवणाला लोकांनी आधी खिचडी उरलीय का, तेच विचारलं.

लग्न मात्र बरोबर अकरालाच लागलं. त्रिशरण, पंचशील, सगळं नीट पार पडलं. मला कळेना, की जेवण एवढं हुकलं आणि लग्न कसं वेळेवर लागलं. एक वाजता साखरा गावचे, आमच्या बायकोकडचे एक पाहुणे माझ्याकडं आले आणि जरा रागानंच म्हणाले, "गुरुजी, एक वाजला. आमचं स्वागत कवा करून राहिले?"

मी फळ्यापाशी गेलो. पांढऱ्या साडीत सुमन तिथं आधीच उभी होती, गौतम बाजूला. ती फळा वाचत होती आणि तिचे खांदे हसून हलत होते.

"दादा, तो रणगाड्याचा पुठ्ठा आठवतो का?"

"त्याचं इथं काय?"

तिनं बोट उजवीकडून डावीकडं फिरवलं. "मथळे हिकडून लिव्हले. स्वागत, लग्न, जेवण." मग बोट डावीकडून उजवीकडं आणलं. "अन् आकडे तिकडून. नऊ, अकरा, एक. मधलं लग्न तेवढं वाचलं."

मी उभ्या जागी थंड झालो. उर्दूत अक्षरं उजवीकडून चालतात आणि आकडे डावीकडून. लहानपणी शाळेत तक्त्याचे मथळे उजवीकडून मांडायला शिकलो, आकडे मात्र तेव्हाही डावीकडूनच लिहायचो. हात घाईत असला की त्याला कुठली शाळा आठवते, ते मला काय ठाऊक? पुस्तिका बरोबर होती. गोळा जवळूनच जोरात लागत होता. बदनाम मात्र मी इंग्रजांना केलं होतं.

त्या रात्री मी तो पुठ्ठा शोधून काढला. भरीव गोळ्याची सगळी ओळ उलटी. पोकळ गोळ्याची ओळ तेवढी शाबूत, अकरा, अकरा, अकरा, अकरा. उजवीकडून वाचा नाहीतर डावीकडून, तिला फरक पडत नव्हता. आमची सुमनही तशीच, घरात बोलली काय आणि गल्लीच्या टोकाला जाऊन बोलली काय. ती गेल्यावर घर फार रिकामं वाटत होतं. मी पुठ्ठा बराच वेळ हातात धरून बसलो.

दुसऱ्या दिवशी सुभेदारांकडं जाऊन मी चूक कबूल केली. ते म्हणाले, "चूक कशाची गुरुजी? तक्ता बराबर असता तर आपला डाव पयल्याच दिवशी संपला असता. मी बोलणीला बसलो असतो अन् पळून गेलो असतो. पर एक सांगून ठिवतो. माझं शिक्षान दुसरी. अक्षर माझं कोंबडीच्या पायावानी. तरी म्होरच्या कार्याचा फळा मीच लिव्हणार."

पुढचं कार्य म्हणजे त्यांच्या नातवाचं, माझ्या भाच्याचं जावळ. ते कुरुंद्याला ठेवलं होतं. लेकराचे पहिले केस मामाच्या मांडीवर काढतात, म्हणजे खरा मान माझा. चार दिवस आधी मी कुरुंद्याला जाऊन आलो, तेव्हा सुभेदारांच्या दारातला फळा बघूनच आलो. जेवण नऊ, जावळ बारा. मला जरा नवल वाटलं. मग म्हटलं, सुभेदारच ते. आधी जेवू घातल्याशिवाय त्यांना चैन पडणार आहे का? माझं अगदी समाधान झालं.

मी सावकाश गाडी पकडून बाराला पोचलो. अंगणात पंगत बसली होती. मधोमध पाटावर न्हावी हात बांधून बसलेला. सुमननं माझ्याकडं बघून कपाळाला हात लावला. "दादा, जावळ नऊला व्हतं, मामांनी बी मथळे तुमच्यावानी उजवीकडून लिव्हले." सुभेदारांच्या मांडीवर माझा भाचा होता. त्याचं अर्धं डोकं गुळगुळीत भादरलेलं आणि अर्ध्यावर केस तसेच.

मी काही बोलायच्या आत सुभेदारांनी लेकरू उचलून माझ्या मांडीवर दिलं.

"उजवी बाजू तुमच्यासाठी राखून ठिवली गुरुजी," ते म्हणाले. "तुमी तिकडूनच सुरू करता."